सही घंटेनंतर

दोन रिटायर मास्तर एकत्र बसले की चहाला आधण यायच्या आत किस्से सुरू होतात. तिसरा आला की प्रत्येक किस्सा थोडा लांबतो, आणि चौथा आला की त्यातला हेडमास्तर आणखी तापट होतो! माझ्याजवळ किश्श्यांचा साठा इतरांपेक्षा जरा जास्तच आहे. कारण मी नुसता भूगोलाचा मास्तर नव्हतो, शहरातल्या महाल भागातल्या आमच्या शाळेचा करिअर मास्तर होतो.

करिअर मास्तर म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वरून पत्र आलं, की मॅट्रिकनंतर पुढं काय करायचं हे मुलांना सांगायला शाळेत एक मास्तर नेमा. आमचे हेडमास्तर दाणी सर. त्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये पत्र मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "शनिवारचा शेवटचा तास कोणाकोणाचा रिकामा आहे?"

मी हात वर केला. मला वाटलं, लवकर घरी सोडून राहिले!

दहा दिवसांचं ट्रेनिंग झालं. तिथं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, "मुलाची आवड ओळखा." मी उत्साहानं परत आलो. दाणी सरांनी माहितीपत्रकांनी भरलेलं एक लोखंडी कपाट माझ्या हवाली केलं. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली हरवली होती. पहिलं वर्षभर मी मार्गदर्शन कपाटाच्या बाहेरूनच केलं.

*

दाणी सरांचा एक नियम अख्ख्या महालाला पाठ होता. सही घंटेनंतर!

दिवसभर ते शिकवायचे, वर्गावर्गांतून फिरायचे, पण कागदाला हात लावायचे नाहीत. पाच वाजता शाळा सुटल्याची घंटा झाली की ऑफिसात येऊन खुर्चीत बसायचे, पेनचं टोपण काढायचे आणि टेबलावर जे असेल त्यावर सही करत सुटायचे. बाजूला आमचा चपराशी देवाजी शिक्का मारत उभा. घंटेआधी सही नाही आणि घंटेनंतर प्रश्न नाही, असा तो कारभार होता.

एकदा त्यांचे सख्खे मेहुणे मुलाच्या दाखल्यासाठी सकाळी अकराला आले. दाणी सरांनी त्यांना प्रेमानं बसवलं. चहा पाजला. दोन वाजता पुन्हा पाजला. चारला चिवडा मागवला. पाचला घंटा झाली आणि सही मिळाली.

"बहिणीला काही निरोप?" मेहुण्यांनी उठता उठता विचारलं.

"सांगा, तुमच्याशी निवांत बोलणं झालं."

*

आता देवाजी. बावीस वर्षं त्यानं घंटा दिली, एकदाही मिनिटभर इकडची तिकडं नाही. तो फक्त ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ पाहायचा. दाणी सर स्वतः मनगटी घड्याळ बांधत नसत. म्हणायचे, "देवाजी आहे, भिंत आहे, मला काय करायचंय?"

ते घड्याळ एकदा बंद पडलं. इतवारी बाजारातला घड्याळजी दोनदा येऊन गेला. म्हणाला, भंगारात द्या.

देवाजीची मुलगी कुसुम तेव्हा आमच्याच शाळेत आठवीत होती. ती तीन दिवस मधल्या सुट्टीत स्टुलावर चढून काहीतरी करत होती. हाताशी केसातली पिन, जवळ आईच्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली. चौथ्या दिवशी घड्याळ टिकटिक करायला लागलं.

"कोणी दुरुस्त केलं?" दाणी सरांनी विचारलं.

"आपोआप झालं सायेब," देवाजी म्हणाला.

मी नंतर त्याला बाजूला घेतलं. "अहो, पोरीचं नाव काहून नाही सांगितलं?"

"पोरीनं घड्याळ खोललं म्हणून सांगू काय सर? उद्या सोयरीक पाहाची हाये तिची."

*

किल्लीवाल्याकडून कपाट उघडून घेतलं तेव्हा आत आवडीचे छापील फॉर्म सापडले. मॅट्रिकच्या मुलांना वाटले आणि सांगितलं, घरी शांतपणे भरून आणा.

दुसऱ्या दिवशी सगळे फॉर्म आले. अक्षर वळणदार, भाषा सरकारी. कारण ते भरले होते वडिलांनी! 'पाल्याची आवड' या रकान्यात एकानं लिहिलं होतं, 'नाही. शिस्त आहे.' दुसऱ्यानं लिहिलं, 'पत्रिका दाखवून कळवतो.' तिसरे वडील तर मागच्या पानावरही गेले होते. त्यांना स्वतःला वकील व्हायचं होतं आणि कोणी होऊ दिलं नव्हतं, त्याची सगळी हकीकत. मुलाचा त्यात कुठं उल्लेखच नाही.

एकच फॉर्म मुलाच्या हातचा होता, म्हणजे मुलीच्या. देवाजीला लिहिता वाचता येत नव्हतं, त्यामुळं आता मॅट्रिकला आलेल्या कुसुमचा तिनंच भरला. 'मला यंत्रं खोलायला आवडतात. नंतर मी ती जोडतेसुद्धा.' आणि खाली, 'पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमा करायचा आहे.'

खरं सांगतो, मला इतका आनंद झाला! दहा दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये ज्याला आवड म्हणतात ती अशी प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहिली. मी फॉर्म घेऊन तडक देवाजीकडे गेलो आणि वाचून दाखवला.

"नाई सर," तो म्हणाला. "पोरीच्या जातीनं पेचकस-पाना घेऊन हिंडावं काय? डी.एड. करन, मास्तरीण होईन. तुमच्यासारखी."

"माझ्यासारखी का?"

"सावलीतलं काम हाये ना बाप्पा. करा लागत काई नाई."

*

लकडगंजचे एक लाकडाचे व्यापारी मुलाला घेऊन आले. मुलाला डॉक्टर करायचं होतं. मुलाला गणितात आणि विज्ञानात मिळून जेमतेम पास होण्याएवढे मार्क.

मी ट्रेनिंगप्रमाणे म्हणालो, "जरा त्याला बोलू द्या."

"बोल बे!" वडील ओरडले. मुलगा गप्प. "पाहा सर, त्याचं काही म्हणणं नाही."

मी वडिलांना बाहेर व्हरांड्यात बसवलं, दार लोटलं आणि मुलाला जवळ घेऊन विचारलं, "खरं सांग, तुला मनापासून काय आवडते?"

मुलगा हळूच म्हणाला, "सर, मले दुकान आवडते. गादीवर बसाचं हाये."

बाहेरून दार उघडलं. "अन् मी कुठं बसू?"

मुलगा पुढं दोनदा नापास होऊन फार्मसीला गेला. वडील अजून गादीवर आहेत.

*

शनिवारच्या शेवटच्या तासाला मी पाहुण्यांची भाषणं ठेवायचो. डॉक्टर आले. गेल्या कित्येक वर्षांत आपण एकदाही गरम पोळी खाल्ली नाही, हे त्यांनी इतकं मन लावून सांगितलं की सोमवारी पाच मुलांनी डॉक्टर व्हायचं रद्द केलं आणि मंगळवारी पाचही वडील माझ्याशी भांडायला आले. मग रेल्वेचे गार्ड आले, शिट्टी आणि दोन्ही झेंड्या घेऊन. त्यांनी वर्गात हिरवी झेंडी दाखवली आणि मागचा बाक खरंच पळाला!

पण सांगायचं आहे ते ओव्हरसियर साहेबांचं. ते डिप्लोमा झालेले. रस्ते, पूल, सिमेंट असं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कोणाला काही शंका?"

कुसुम उभी राहिली. "सर, पॉलिटेक्निकमध्ये मुलींना घेतात काय?"

ते विचारात पडले. "घेतात. पण येत नाहीत."

"का नाही येत?"

"घेतात हे त्यांना कोणी सांगत नाही."

देवाजी दारात पाहुण्यांचा चहा घेऊन उभा होता. तो आत येईचना. शेवटी मीच उठून त्याच्या हातातला कप घेतला. चहावर साय धरली होती.

*

कुसुम मॅट्रिक झाली, फर्स्ट क्लासमध्ये. पॉलिटेक्निकचा फॉर्म मी स्वतः शहराच्या दुसऱ्या टोकाला, सदरला जाऊन आणला. तिनं तो भरला. बाकी राहिलं बापाचा अंगठा आणि हेडमास्तरांची सही. मी फॉर्म देवाजीच्या हातात दिला. त्यानं घडी करून खिशात ठेवला आणि आठ दिवस काढलाच नाही.

रोज विचारावं, "देवाजी, काय ठरलं?"

"पाहून राहिलो सर."

पाहून म्हणजे काय, तर अख्ख्या महालाला विचारून राहिला होता! पानवाला नाही म्हणाला. शिंपी नाही म्हणाला. सायकलवाल्यानं तर स्वतःच्या पोरीला पाचवीतून काढल्याचं अभिमानानं सांगितलं. शेवटी दाढीला न्हाव्याकडे बसला. न्हाव्यानं वस्तरा थांबवून विचारलं, "पोरगी काय म्हणते गा?"

देवाजी अर्ध्या दाढीनिशी शाळेत आला. "सर, तिले विचारू काय?"

माझा अगदी संताप झाला. "विचारा ना बाप्पा! आठ दिवस काय करून राहिले होते तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाटकापाशीच उभा होता. फॉर्म भरायचा तो शेवटचा दिवस.

"विचारलं सर. रडून राहिली."

"काहून?"

"मी पण म्हटलं, काहून रडतं वं. तर म्हणे, बाबा, तुम्ही पहिल्यांदा विचारलं."

मधल्या सुट्टीत त्यानं अंगठा उठवला. शाईचा डाग मग टोपीला पुसला.

*

आता राहिली दाणी सरांची सही. एक फॉर्मवर, एक टी.सी.वर. पॉलिटेक्निकचं ऑफिस पाचला बंद होणार. आमची शाळा सुटणार पाचला. महाल ते सदर सायकलनं अर्धा तास.

दाणी सर मॅट्रिकच्या वर्गावर संस्कृत शिकवत होते. मी दारात उभा राहिलो. "सर, एक मिनिट. सही हवी होती."

"घंटेनंतर."

"सर, मुलीचं वर्ष जाईल. कदाचित पुढचं सगळंच जाईल."

"मास्तर, मी मेहुण्याला सहा तास बसवलं आहे. आज तुम्हाला सही दिली तर घरी काय तोंड दाखवू?"

वर्गातली मुलं हसली. मी परत फिरलो. ऑफिसासमोरच्या बाकावर कुसुम बसली होती, दोन वेण्या, मांडीवर फॉर्म. देवाजी शेजारी उभा. मी नुसती मान हलवली. तिनं फॉर्मची घडी केली, उघडली, पुन्हा घडी केली. मला तिथं उभं राहवेना. स्टाफरूममध्ये गेलो आणि डोकं धरून बसलो. करिअर मास्तर म्हणे! एका पोरीचं एक काम, तेही जमू नये?

आणि घंटा झाली.

तासाची नाही, शाळा सुटल्याची! चांगली लांबलचक. मी माझ्या मनगटाकडे पाहिलं. पावणेचार.

दोन मिनिटांत शाळा रिकामी झाली. मुलांनी विचारलं नाही. मास्तरांनी तर अजिबातच विचारलं नाही, आमचे गणिताचे मास्तर फाटकाबाहेर सर्वांत पुढं होते. दाणी सरांना संस्कृतच्या तासाला वेळ कसा गेला कळायचं नाही, हे नेहमीचंच. ते ऑफिसात आले, भिंतीकडे पाहिलं. घड्याळात बरोबर पाच. खुर्चीत बसले, पेनचं टोपण काढलं आणि सह्या सुरू केल्या. सर्वांत वर कुसुमचा फॉर्म, खाली टी.सी. देवाजीनं दोन शिक्के मारले.

मी कुसुमला माझी सायकल दिली. दांडीची, पुरुषांची सायकल. तिनं परकर खोचला आणि भर बाजारातून घंटी वाजवत निघाली. पानवाला आणि शिंपी दोघंही दुकानाबाहेर येऊन पाहत राहिले.

दाणी सर बाकीच्या सह्या उरकून व्हरांड्यात आले. समोरच्या प्राथमिक शाळेतून अजून पाढ्यांचा आवाज येत होता. ते थांबले. आकाशाकडे पाहिलं. परत आत गेले आणि घड्याळासमोर बराच वेळ उभे राहिले. मी दारात, देवाजी टेबलापाशी. बावीस वर्षांची नोकरी त्या घड्याळाखाली उभी होती.

"देवाजी, हे घड्याळ बिघडलं काय?"

"व्हय सायेब."

"मग कोणाला तरी बोलाव. मागं कोणी दुरुस्त केलं होतं?"

देवाजीनं टोपी सरळ केली.

"माह्या पोरीनं. पण आता ते नाई भेटाची सायेब. पॉलिटेक्निकले गेली."