उबेचा पुरावा

“कांगारू केअर आपल्या वॉर्डात बंद करतेय. त्याआधी मला खोटं ठरवणारे संशोधनाचे पेपर आणा,” डॉ. गव्हाणे म्हणाल्या. निर्णयापूर्वी विरोधातला पुरावा मागवायचा, ही त्यांची रीत. जालन्यातल्या आमच्या रुग्णालयात मी ग्रंथपाल. अशी मागणी करणाऱ्या डॉक्टर त्या एकट्याच.

कांगारू केअर म्हणजे कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवणे. शहागडच्या शहनाजच्या मुलीसाठी ते सुरू होते. वजन मात्र हलत नव्हते. बाळाला ऊब देणारे एकमेव यंत्र, वॉर्मर, तिच्याहून नाजूक बाळाकडे. आता तिला संभाजीनगरच्या मोठ्या रुग्णालयात हलवावे लागणार, आणि सिझेरियनच्या ओल्या टाक्यांची आई मागे राहणार.

मी सिस्टिमॅटिक रिव्ह्यू काढला. म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास जमवून, पारखून काढलेला निष्कर्ष. तो ठाम होता: या उबेने बाळे तगतात. पण निष्कर्षापाशी थांबायचे नसते. मूळ अभ्यासांतल्या ‘मेथड्स’ वाचायच्या: कोणती बाळे, नेमके काय केले, किती वेळ. पेपरातला हा सर्वांत कोरडा भाग. मला तिथेच माणसांचे श्वास ऐकू येतात. त्या बाळांना दिवसरात्र, जमेल तितका वेळ छातीशी ठेवले होते. आई थकली की घरातली दुसरी बाई.

मी वॉर्डात गेले. फिनेलचा वास, त्याखाली दुधाचा. शहनाज प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ, हात टाक्यांवर. डॉक्टरांच्या राऊंडनंतर बाळ तासभर तिच्या छातीशी, मग पाळण्यात. सासू राबियाबी दाराबाहेर. दारावर ‘नातेवाइकांना प्रवेश नाही’.

मी ‘मेथड्स’चे पान डॉ. गव्हाणेंपुढे धरले. “मॅडम, या अभ्यासांत जे केलं, ते आपण केलेलंच नाही.”

मॅडमनी उभ्याउभ्याच ते पान पुन्हा पुन्हा वाचले. मग स्वतः दार उघडले.

“राबियाबी, आत या. हात धुवा.”

“अब बुलाए? इत्ते दिन से तो हकाल राह्यले थे!”

“चुकलं आमचं. नातीला छातीशी धरायचंय, कपड्याविना.”

“नंगी? सर्दी नहीं होती क्या?”

“तुमच्या अंगाची ऊब बराबर पुरते. वरून चादर टाकू.”

“देओ मंग. पाँच को पाली मैं, ये तो मुठ्ठीभर है.”

सिस्टरने त्यांच्या बांगड्या उतरवल्या आणि ते हात निःशब्द झाले. मागे रेललेल्या राबियाबींच्या छातीवर मुलीचे थंड तळवे हळूहळू गुलाबी होत गेले. मग शहनाज, मग पुन्हा राबियाबी.

वजन वाढू लागले. संभाजीनगरची गाडी रद्द झाली. दारावरची पाटी मॅडमनी स्वतः उतरवली.

मी हरखून गेले होते. त्या म्हणाल्या, “एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही. पुढच्या बाळांची नोंद ठेवू.”

उपचार लागू पडत नाही असे म्हणण्यापूर्वी, तो दिला होता का एवढे पाहावे.