पिनेला अडकलेली गिटार

अठ्ठावन्न वर्षांची ती तरुणी मला आज भेटली, तर आधी तिच्या गळ्यातली गिटार काढून घेईन आणि मग तिला पोटभर हसेन. तरुणी म्हणजे मीच, नोकरीतून नुकतीच निवृत्त झालेली. पंच्याहत्तरीला टेकल्यावर अठ्ठावन्न म्हणजे पोरवयच की!

गिटारही खरी नव्हती. नातीची होती, प्लास्टिकची, व्हिडिओ गेमची. दांड्यावर पाच रंगांची बटणं आणि पोटाशी खालीवर होणारी एक पट्टी. टीव्हीवर रंगीत ठिपके घरंगळत येतात. जो रंग येईल ते बटण दाबायचं आणि त्याच क्षणी पट्टी मारायची. एवढंच. पण लालबागच्या चाळीतल्या दोन खोल्यांत, नात शाळेत, मुलगा-सून कामावर, आमचे हे वाचनालयात, अशा दुपारी ते एवढंसं फार होतं. सगळी नोकरी टायपिंगमध्ये गेलेली. ती बोटं आता नुसती मांडीवर पडून राहायची. तांदूळ तरी माणसाने किती निवडावेत?

घरात मात्र नियम होता. नातीचं मनगट दुखायला लागलं, तेव्हा सून म्हणाली होती, "पुन्हा कुणाचा हात दुखला, तर गिटार माळ्यावर जाईल." त्यावर "अगदी बरोबर" म्हणत जोरजोरात मान हलवणारी मीच. त्यामुळे माझा हात दुखतोय हे कळणं म्हणजे माझ्या दुपारी माळ्यावर जाणं.

आणि दुखत तर होताच. ही शहाणी वाजवायची उभी राहून. पट्टा आखूड, गिटार हनुवटीखाली. डाव्या हाताने दांडा असा आवळायची, जणू गर्दीच्या बसचा दांडा, सुटला तर थेट रस्त्यावर पडेल. उजवा हात खांद्यापासून फिरायचा, धुणं आपटल्यासारखा. टायपिंगच्या क्लासात मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: खांदे सैल, मनगट सरळ, बोटं हलकी. पण ते पोटापाण्यासाठी होतं ना! खेळात कसं आठवणार?

तो दिवस आमच्याकडच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा. सून अर्धी रजा टाकून वाण नि फुलं घेऊन येणार होती. मी दुपारीच रेशमी साडी नेसून तयार. म्हटलं, ती येईपर्यंत एक गाणं होईल. दाराची वरची कडी लावली आणि गिटार गळ्यात घातली. रेशमावरून पट्टा सारखा घसरायला लागला. मग बाईसाहेबांनी अक्कल लढवली. पट्टा, पदर आणि ब्लाउज, तिन्ही एकाच मोठ्या पिनेत, खांद्यामागे. टाचली आणि लागली वाजवायला.

एकाची तीन गाणी झाली. थांबले तेव्हा उजवा हात खांद्यातून वर उठेना. पीन डाव्या खांद्यामागे. तिथे पोचायला उजवाच हात हवा. डाव्याच्या बोटांत पेटके आलेले, त्यामुळे पट्टा गिटारीपासूनही सुटेना. पट्ट्यातून मान काढून बघितली, तर ब्लाउज टरकन बोलला. कडी डोक्याच्या वर. आपल्याच घरात, आपल्याच हातांनी, गळ्यात दावं अडकवून घेऊन मी दावणीच्या म्हशीसारखी उभी!

त्यातून चाळ. भर दुपारी बंद दार म्हणजे आत काहीतरी आहेच. थोड्याच वेळात शेजारीण दारावर थाप मारायला लागली.

"काकी, दार कित्याक लावलंस गो?"

"आंघोळ करतेय!" मी ओरडले.

"पाणी तर सकाळीच गेला ना गो?"

"भरून ठेवलेलं."

"मगे पाण्याचो आवाज कसो नाय?"

गॅलरीत आणखी दोन-तीन बायांचे आवाज आले. चक्कर आली असेल, दार फोडू या, कुणाच्या तरी मुलाला बोलवू या. माझ्या मनात मात्र एकच: दार फुटलं तरी चालेल, पण माळा नको.

तेवढ्यात दाराशेजारच्या खिडकीचं झडप बाहेरून ढकललं गेलं आणि गजांपलीकडे सुनेचा चेहरा आला. हातात फुलांची पुडी. तिने मला बघितलं, गिटार बघितली. मी गजांच्या आत, तुरुंगातल्यासारखी. तिने झडप ओढून घेतलं.

"काही नाही हो, आईंचा पदर अडकलाय," ती बाहेरच्यांना म्हणाली. "तुम्ही संध्याकाळी या बरं का सगळ्या!"

पांगापांग झाल्यावर गजांतून हात घालून तिने कडी काढली. आत येऊन आधी पीन सोडवली. उजवा हात उचलायला गेली, तशी मी कळवळले.

"दुखतोय?"

"नाही गं."

"आई."

"थोडासा."

"नियम म्हणजे नियम. दुखला तर माळ्यावर."

साठीला आलेली बाई मी, डोळे भरून आले हो, एका प्लास्टिकच्या तुकड्यासाठी.

तिने गिटार उचलली. माळ्याकडे गेली नाही. पट्ट्याचं बक्कल पार शेवटापर्यंत सैल केलं. "म्हणजे दुखू द्यायचा नाही," ती म्हणाली. तिच्याही मनगटाला ऑफिसच्या कामाने बँडेज लागलेलंच होतं. तिने मला खुर्चीत बसवलं, गिटार मांडीवर ठेवली. "भार मांडीवर. कोपर अंगाशी. दांडा आवळायचा नाही, तो पळून जात नाही. पट्टी नुसत्या अंगठ्याने, मनगटातून. एक गाणं झालं की हात सोडून बसायचं. आणि दार उघडं ठेवायचं."

"दार?"

"उघडं. नाहीतर माळा."

संध्याकाळी हळदीकुंकू लावायला माझा हात बायांच्या कपाळापर्यंत जाईना. मी खुर्चीत बसून ऐटीत म्हणत गेले, "वाका गं, वाका." वाकल्या बिचाऱ्या, काहीतरी रीत असेल म्हणून. शेजारीण वाकली ती जरा जास्तच. कानाशी पुटपुटली, "काकी, आंघोळ बरी झाली मा?"

हात बरा झाल्यावर मी दार सताड उघडलं, खुर्चीत बसले, गिटार मांडीवर घेतली. पहिला ठिपका यायच्या आत शेजारीण सुपात तांदूळ घेऊन उंबऱ्यात येऊन बसली. निवडता निवडता म्हणाली, "हिरवो चुकलो तुझो."