माणूस सुस्थितीत मिळाला

या जगात काहीही चांगलं होणार नाही, यावर आमच्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त ओव्हरसियरांइतकी अढळ श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या पुणे शहरात दुसरा सापडणार नाही. आणि ज्याचा काही उपयोग नाही असं काम करायला त्यांच्याइतका घाम गाळणाराही सापडणार नाही. पाटबंधारे खात्यातली त्यांची सगळी नोकरी खडकवासल्याच्या कालव्यावर टेप घेऊन मापं काढण्यात गेली. नोकरी सुटली, टेप सुटला नाही. तो अजून त्यांच्या लेंग्याच्या खिशात असतो. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीसमोर खड्डा पडला की बाकीचे लोक महापालिकेचा उद्धार करून वळसा घालून जातात. ओव्हरसियर खाली उतरतात, मला हाक मारतात आणि टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन म्हणतात, "धरा." मी सोसायटीचा सेक्रेटरी असल्यामुळे गेली बारा वर्षं हे टोक धरतो आहे. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली आणि त्यात साचलेलं पाणी किती लिटर, हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहून अर्ज जातो. अर्जाचं शेवटचं वाक्य कायमचं ठरलेलं आहे : "यातून काही होणार नाही याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे. तरी पोच मिळावी."

पोच हा त्यांचा जीव की प्राण. कागद पोचल्याची सही आणि वर गोल शिक्का मिळाला, की खड्डा बुजला नाही तरी त्यांना रात्री झोप लागते. घरातसुद्धा हाच कारभार. त्यांच्या सौभाग्यवतींनी एकदा आमच्याकडे वाटीभर गुळांबा पाठवला, तर वाटीबरोबर चिठ्ठी होती : "स्टीलची वाटी, नग एक, एका बाजूला कड चेपलेली (पूर्वीपासून)." मी मुकाट्याने सही केली. वाटी परत नेली तेव्हा त्यांनी चष्मा लावून चेपलेली कड पाहिली, ती तेवढीच चेपलेली असल्याची खात्री केली आणि मला चिठ्ठी परत दिली. माझ्या बायकोने त्या घरचा गुळांबा पुन्हा घेतला नाही.

सकाळी पार्किंगमधल्या बाकावर बसून ते पेपर मोठ्याने वाचतात, आणि त्यातही पोलीस कोठडीची बातमी आली की त्यांच्यातला इंजिनिअर जागा होतो. "हे ऐका. चौकशीसाठी आणलेला संशयित जिन्यावरून पडून जखमी. गेल्या महिन्यातही एक जिन्यावरूनच पडला होता. अहो, पायऱ्या किती, उंची किती, कठडा आहे की नाही, काही लिहीत नाहीत. एवढी माणसं पडतात, तर त्या जिन्याच्या कंत्राटदाराला काळ्या यादीत टाकायला नको?" आम्ही हसायचो. हसून झालं की प्रत्येक जण आपापला अनुभव सांगायचा : पासपोर्टच्या चौकशीला आलेला हवालदार कसा पाकीट दिसेपर्यंत बसून राहिला, हरवलेल्या मोबाइलची तक्रार द्यायला गेलं तर आपलीच कशी उलटतपासणी झाली. पोलिसांवर काडीचा विश्वास नाही, याबाबतीत आमच्या सोसायटीत संपूर्ण एकमत होतं. इतकं एकमत पाण्याच्या टाकीबद्दलही कधी झालं नाही.

मग चेअरमनच्या बायकोच्या चार सोन्याच्या बांगड्या गेल्या. ती मंडळी दापोलीला जाऊन आली आणि बघतात तर कपाटात बांगड्या नाहीत. पार्किंगमध्ये तातडीची सभा भरली, आणि ज्या पोलिसांवर काडीचा विश्वास नव्हता त्यांनाच बोलवायचं एकमताने ठरलं.

दुपारी चौकीतले हवालदार आले, माझ्या समोर बसले आणि म्हणाले, "संशय कुनावर?"

"कुणावरच नाही," मी म्हणालो.

"असं कसं चालंल? रकाना मोकळा ऱ्हातोय. गेटवर कोन असतं?"

"नामदेव."

"मग सांगा की तसं."

रकाना भरला. खाली माझी सही झाली. मी संशय घेतला नाही, फक्त नाव सांगितलं, असं मी स्वतःला त्या दिवशी तीनदा समजावलं.

नामदेव पन्नाशीचे, वारज्यात भाड्याच्या खोलीत राहणारे. आमच्या गेटवर नऊ वर्षं होते. बाहेर पडणाऱ्याला "निघालात का?" आणि येणाऱ्याला "आलात का?" हे दोन प्रश्न ते न चुकता विचारायचे. उत्तराची त्यांना अपेक्षा नसायची. पण माझी बायको मुलीकडे गेली की आलात का विचारणारं त्यांच्याशिवाय मला दुसरं कोणी नसायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दोन शिपाई त्यांना न्यायला आले. सगळ्या बाल्कन्या भरल्या. भाजीवाल्यालाही अहो-जाहो करणाऱ्या निवृत्त प्राध्यापिका वरून म्हणाल्या, "दोन पट्टे बसले ना, की दुपारपर्यंत बांगड्या हजर. त्याशिवाय बोलत नाहीत हे लोक." माना डोलल्या. खोटं कशाला सांगू, सवयीने माझीही डोलली.

एवढ्यात ओव्हरसियर लेंग्यावर जिना उतरून आले आणि "थांबा" म्हणाले. शिपाई थांबले. ओव्हरसियरांनी टेप काढला, एक टोक माझ्याकडे दिलं. "धरा. टाचेपाशी." मी नामदेवांच्या पायाशी उकिडवा बसलो. माझ्या चौकशीसाठी कोणी आलं नव्हतं, तरी मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघायची माझी छाती झाली नाही. वरून ओव्हरसियरांचा आवाज येत होता. "उंची पाच फूट चार. आ करा. वरचा एक दात नाही. कधीपासून?"

"लई वर्सं झाली, साहेब."

"गुडघ्यावर हा व्रण?"

"लहानपनी बैलानं मारल्यालं."

"पाठ दाखवा. पाठीवर काही नाही. तळवे. काही नाही."

शिपायांच्या मागोमाग आम्ही दोघेही चौकीत गेलो. तिथे त्यांनी अर्ज लिहून दोन प्रतींत टेबलावर ठेवला. "इसम नामदेव, वर्णन वरीलप्रमाणे, दोन्ही हात, दोन्ही पाय व उरलेले सर्व दात शाबूत, आज रोजी चौकीत सुस्थितीत मिळाला. सदर चौकी एकमजली असून तीस जिना नाही. दारात एकच पायरी, उंची सहा इंच, फरशी खरखरीत. सबब जिन्यावरून पडणे अगर पाय घसरणे संभवत नाही. या अर्जाने काही होणार नाही याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे. तरी पोच मिळावी." पायरी त्यांनी आत शिरतानाच मोजली होती. टोक अर्थात मी धरलं होतं.

हवालदार आधी हसले. "काका, हे काय कुरिअरचं हापिस हाय व्हय?" मग चिडले. मग एका शिपायाने बाजूला घेऊन चहापाण्याचं बघा म्हणून सुचवलं, तेव्हा ओव्हरसियरांनी पिशवीतून थर्मास काढला, एक कप भरला आणि शांतपणे स्वतःच प्याले. "मी बसतो," ते म्हणाले. "निवृत्त आहे. मला काही काम नाही." दर अर्ध्या तासाने ते उठून फक्त "पोच?" एवढंच विचारायचे. दुपारी आतले साहेब बाहेर आले, त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आमच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि वैतागून आवकचा शिक्का मारून दिला. आपल्याकडे शिक्क्याच्या कागदाला जो मान आहे तो माणसाला नाही, हे ओव्हरसियर खात्यात शिकले होते.

संध्याकाळी सहाला नामदेव बाहेर आले. ओव्हरसियरांनी तिथेच, त्या सहा इंची पायरीवर, कागद हातात धरून त्यांना तपासलं. दात, गुडघा, पाठ, तळवे. "सर्व बरोबर," ते म्हणाले, आणि मला इतकं हलकं वाटलं की रिक्षाचे पैसे मीच दिले. रिक्षात नामदेव आमच्या मधे बसले होते. कर्वेनगर येईपर्यंत ते एवढंच बोलले. "हात न्हाय लावला कुनी. दिसभर चपलांपाशी बसिवलं, आन् आईवरनं बोलत व्हते."

चौथ्या दिवशी बांगड्या तांदळाच्या डब्यात सापडल्या. गावाला जाताना चोरांच्या भीतीने बाईंनीच त्या तिथे पुरल्या होत्या. त्यांनी नामदेवांना त्याच डब्यातल्या तांदळाचा मसालेभात पाठवला, आणि सोसायटीच्या दृष्टीने विषय मिटला. चूक झाली असं कोणी म्हणालं नाही. पोलीस मेले असलेच, असं मात्र सगळे म्हणाले.

नामदेव गेटवर येत होते. उभे राहून गेट उघडायचे, लावायचे. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला काही विचारत नव्हते. नजर खाली. एकदा ओव्हरसियर त्यांच्यासमोरून दोनदा आत आले आणि दोनदा बाहेर गेले, मुद्दाम. मग बाकावर येऊन बसले, खिशातून ती पोच काढली आणि खूप वेळ वाचत राहिले. "यात एक कलम लिहायचं राहिलं," ते म्हणाले. पुढच्या महिन्यात नामदेवांनी काम सोडलं.

त्यानंतर एका सकाळी मी वर गेलो आणि ओव्हरसियरांना सांगितलं, की नाव मीच दिलं होतं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी टेप हलत होता. बारा वर्षांत कधी हलला नव्हता." मग म्हणाले, "वारज्याला जाऊन या. काही उपयोग होणार नाही. तरी जा."

रविवारी गेलो. नामदेव खोलीच्या दारात मेथी निवडत बसले होते. मी वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरलो आणि नुसतं म्हणालो, "नाव मी सांगितलं होतं. चुकलं माझं."

ते निवडत राहिले. "ठावं हाय," एवढंच म्हणाले. त्यांच्या बायकोने चहा आणला. तो आम्ही प्यालो. जुडी संपत आली तसा मी उठलो, चपला घातल्या. मागून मेथीवरची नजर न काढता ते म्हणाले,

"निघालात का?"

घरी आलो तर ओव्हरसियर जिन्यात उभे होते. केव्हापासून उभे होते कोण जाणे.

"काय म्हणाले?"

"'निघालात का' म्हणाले."

त्यांनी चष्मा काढला आणि बंडीच्या टोकाने बराच वेळ पुसला. "बरं झालं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे शब्द मी बारा वर्षांत पहिल्यांदाच ऐकत होतो. मग कुठल्याही कागदावर माझी सही न घेता ते जिना चढून गेले.