शेवटची पळी एरंडेल

जमिनीपासून वीतभरही न उठता अख्ख्या निजामी मुलखात ‘विमानवाले’ म्हणून गाजलेले गृहस्थ एकच, आणि ते आमचे मुरुमचे मामा. बंद पडलेल्या लॉरीचं इंजिन, सागवानी पंखा आणि जुन्या धोतरांचे पंख एवढ्या भांडवलावर त्यांनी मळ्यातल्या पत्र्याच्या शेडात विमान मांडलं होतं. इंजिन फिरतं भरधाव, पंख्याला तेवढा वेग सोसत नाही. म्हणून मधे एका लोखंडी पेटीत एक धाकटं, एक थोरलं अशी दोन दातेरी चाकं बसवली होती. मामांचा सगळा जीव त्या पेटीत. तिला तेल कोणतं मानवेल, हे ते लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्यालाही विचारत.

करडईचं तेल तापलं की चिकट होऊन दातांना धरायचं. लॉरीवाल्यांचं गिरीज भिरकावलं जायचं आणि दात कोरडेच राहायचे. कुणीतरी चरबी सुचवली, तर मामा गळ्यातल्या लिंगाला हात लावून असे अंगावर धावले की विमानाआधी तो माणूसच उडाला! शेवटी मानवलं एरंडेल. तेही बाजारचं नाही, मामींनी एरंड भाजून, कुटून, उकळून घरी काढलेलं. त्यानं पेटीची कुरकुर थांबायची. पण मामी तापानं गेल्या आणि मागे एकच घागर राहिली. पेटी सांध्यातून गळायची, दर खेपेला पळीभर तेल जायचं.

चाकांचं दुखणं ओळखायला मामा पेटीवर बाभळीची काठी टेकवून दुसरं टोक कानाला लावत. मामी गेल्यावर तसंच ऐकत ते म्हणू लागले, “ती दळतीय बघ.” मामींचं माहेर कन्नड मुलखातलं, जात्यावर त्या कन्नडच गुणगुणायच्या. आम्ही तोंड फिरवून हसायचो. मग एकदा भर दुपारी निजामी पोलिसांचे अमीनसाहेब विमानाचा परवाना विचारायला आले. मामांनी इंजिन सुरू करून काठी त्यांच्या हाती दिली. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. “इसमें कोई औरत गा रई है,” एवढंच म्हणाले आणि टोपी तिथंच विसरून गेले. ती न्यायला पुन्हा कुणीही आलं नाही. त्या दिवसापासून दुपारी एकट्यानं शेडात जायचं मी टाळू लागलो.

“मामा, तुम्ही उडत का नाही?” मी एकदा विचारलं.

“वर गेल्यावर काठी कुठं लावू? वाऱ्यात काय ऐकू येतंय?”

मला फार वाईट वाटलं.

घागर रिकामी होत गेली, तसे इंजिनाजवळ बसून बसून मामांचे कानही गेले. शेवटची पळी मात्र त्यांनी कितीतरी महिने राखून ठेवली. एका दुपारी मला बोलावून त्यांनी ती पेटीत ओतली, काठी माझ्या कानाशी धरली आणि इंजिन सुरू केलं. मला नुसते दातावर दात ऐकू येत होते. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते.

“हाय का रं ती?”

नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. मी जोरात मान हलवली. मामा लहान मुलासारखे हसले, इंजिन बंद केलं आणि हात धुवायला आडाकडे गेले.

पंखा थांबला. चाकं थांबली. काठी अजून माझ्या कानाला होती. सांध्यातून तेल ठिबकत होतं, आणि पेटीत मामी कन्नडमधे गुणगुणू लागल्या.

“मामा!” मी ओरडलो. “मामा, या लवकर!”

आडाजवळ ते पाठमोरे उभे होते, सावकाश हात धूत.