भाजलेली भुलाबाई

आश्विन वद्य प्रतिपदा, सकाळ. आमच्या गावाचा, रोहण्याचा बसथांबा. हजर: आई, बाबा, थोरला भाऊ आणि सुटकेस घेऊन मी. आईचा पदर ओला होता. मांडीवर गणपती घेऊन महिनाभर माहेरी आलेली पार्वती, म्हणजे आमची मातीची भुलाबाई, आईने नुकतीच ओढ्यात शिरवली, विसर्जित केली होती. मी जर्मनीला निघाले होते. आई एवढंच म्हणाली, "आली तिनं जावं. गेली तरच पुढच्या साली येते."

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, यंदाची हकीकत ऐका.

इथल्या, जर्मनीतल्या संग्रहालयाने 'आई आणि मूल' असं प्रदर्शन भरवलं. बाहेरून आलेल्या कुटुंबांकडूनही वस्तू मागवल्या. मी भुलाबाई घडवून दिली. दालनात इटलीच्या चर्चमधली आई, इजिप्तची दगडी आई, आफ्रिकेची लाकडी आई. मधे शतकांचं अंतर, पण प्रत्येकीचं मूल मांडीवर आणि डोळे मात्र समोर, दूर कुठेतरी. आमच्या भुलाबाईचेही तसेच.

तिथल्या प्रमुख बाईंनी विचारलं, किती जुनी? म्हटलं, गेल्या आठवड्यातली. आम्ही दरवर्षी नवी करतो. त्यांनी ती मुलांच्या खेळाच्या टेबलावर ठेवली. मी मेल केला, मुद्द्यांना क्रमांक घालून. एक, हे खेळणं नाही. दोन, जपून ठेवली तीच कला आणि दरवर्षी नव्याने घडवली तो हाताचा चाळा, हे कोणी ठरवलं? तीन, तिला तिच्या बहिणींशेजारी बसवा.

बसवली. काचेच्या कपाटात, वर दिवा. आणि रंग विटेसारखा लाल. टिकावी म्हणून भट्टीत भाजली होती, मला न विचारता. चर्चमधल्या आईला हात लावण्याआधी कुणाला तरी विचारता ना, असं मी भर दालनात विचारलं. त्यावर कॉफी आली.

आईला फोन केला. ती म्हणाली, "मंग आता ती जाईन कशी व?" मागून बाबा म्हणाले, "पासपोर्ट काढून देजो तिले." मला हसू आलं नाही. इथे मलाही कौतुकाने म्हणतात, छान टिकलात.

घर म्हणजे आता माझ्या लेखी एवढंच: आलेल्या बाईचा परतीचा रस्ता जिथे कुणी परस्पर बंद करत नाही.

प्रदर्शन संपलं. भुलाबाई परत आणली, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. शिरवायची बाकी आहे. पाण्यात ती विरघळणार नाही. मग काय करतात, ते आईलाही ठाऊक नाही.