सैल पट्ट्याची लय

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, इंग्लंडमधल्या ‘ग्लास टेलिग्राफ’ या दोघांच्या बँडने तीस वर्षांचा अबोला मोडला असून, त्यामुळे मला पुण्याहून तातडीने कोल्हापूरला जावे लागले.

त्यांच्यात एक गाणारा, दुसरा सिंथसायझर (विजेवर आवाज घडवणारी पेटी) वाजवणारा. तीन अल्बम गाजले. चौथ्यात गायकाला गिटार हवीशी वाटली, आणि दुसरा स्टुडिओतून जो उठला तो आत्ता परत बसला. त्यांची एक कॅसेट कोल्हापूरला कॉलेजात माझा मित्र दस्तगीर याच्याकडे होती. तो गायचा, मी कीबोर्ड वाजवायचो. आम्ही भांडलोही नाही. मला पुण्यात नोकरी लागली आणि आमचे वाजवणे सुटले, एवढेच. त्या दोन गोऱ्यांचे जमले हे वाचून माझा जळफळाट झाला. लगेच दस्तगीरला फोन केला.

“रविवारी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा हाय, त्यात गाणार हाय मी. ये की,” तो म्हणाला.

मी तीन रात्री जागून सराव केला.

शनिवारी स्टँडवर उतरलो, तर रिक्षावाल्याने माझ्या लांबलचक पिशवीकडे पाहिले. “पावणं (पाहुणे), मयत हाय काय आत?”

“कीबोर्ड आहे.”

“मग मांडीवर आडवा घ्या. उभा न्हाय मावायचा.”

दस्तगीरच्या घरात एक कीबोर्ड आधीच मांडलेला होता आणि त्यामागे गणिताचे निवृत्त शिक्षक कुलकर्णी सर. “दर गुरुवारी बसतोय आम्ही,” दस्तगीर म्हणाला. “उद्या सरच वाजवणार. तू ऐकायला आलास, लई बरं वाटलं.”

सरांनी वाजवून दाखवले. एक बोट चुकेल तर शपथ. मी तोंड भरून कौतुक केले. करताना दाढ दुखली.

संध्याकाळी आम्ही तिघे दूधकट्ट्यावर गेलो. तिथे म्हैस समोर उभी असते आणि धार थेट पेल्यात पडते. पूर्वी सराव संपला की आम्ही दोघे तिथेच जायचो. गवळ्याने फेसाळता पहिला पेला न विचारता सरांना दिला आणि मला म्हणाला, “पावण्यांना साखर लागंल?”

एकेकाळी तो फेस माझा होता.

घरी येऊन मीही वाजवले. “फार सावकाश वाजवता हो,” सर म्हणाले. खरेच होते. दस्तगीरच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल असल्याने गाणी रेंगाळत, खालच्या सुरात वाजायची. माझ्या बोटांत तीच बसली होती. सर मोबाइलवरून मूळ वेगात शिकलेले. दस्तगीरने पट्ट्याची हकीकत सांगितली आणि सगळे, त्याची बायको शमीमवहिनीसुद्धा, पोट धरून हसले. मीही हसलो, थोडा उशिरा.

रविवारी सकाळी शमीमवहिनी आम्हा तिघांना रस्सा वाढत होत्या. टीव्हीवर त्या गोऱ्यांचा पुनर्मीलनाचा कार्यक्रम लावला. दोघांची पोटे सुटलेली. गायकाचा दम पुरत नव्हता, म्हणून गाणे खालच्या सुरात, रेंगाळत चाललेले. सर मांडीवर ताल धरत होते, मध्येच थांबले.

“संध्याकाळी तुम्हीच बसा,” ते मला म्हणाले. “मी वाजवतो तेव्हा दस्तगीरलाही असाच दम लागतो.”

मेळाव्यात दस्तगीर शेवटच्या ओळीपर्यंत धाप न लागता गायला. पहिल्या रांगेत सर ताल धरून बसले होते, बिचारे बरोबर आमच्या लयीत.

सोमवारी परतीच्या बसमध्ये कीबोर्ड मांडीवर घेऊन विचार करत होतो. सरांचा हेवा गेला नाही. गुरुवार आणि फेस त्यांच्याकडेच राहिला. गोऱ्यांचा मात्र हेवा वाटेना. त्यांचे गाणे ऐकताना, रश्श्याचा डाव हातात तसाच धरून, शमीमवहिनी बोलून गेल्या होत्या, “अवो, ह्यांच्या बी टेपचा पट्टा सैल झालाय की.”