रक्त वाचणाऱ्या वैजयंता मॅडम

पॅथॉलॉजिस्ट सहसा पेशंटचं तोंड बघत नाहीत. नमुना येतो, रिपोर्ट जातो, मामला खलास. पण सांगलीत मार्केट यार्डाच्या मागे आमची लॅब होती, तिथला कारभार उलटा. रिपोर्टात काही वावगं दिसलं की वैजयंता मॅडम चष्मा कपाळावर सरकवायच्या, खुर्ची मागे ढकलायच्या आणि बाहेरच्या बाकावर पेशंटला खेटून बसायच्या. "पयला ताप कवा आला?" हा पहिला प्रश्न. नाव-गाव नंतर.

आता आमच्याकडे तारीख कोण सांगतं? कुणी म्हणायचं, "उसाला पाणी पाजलं त्याच्या दुसऱ्या दिशी." कुणी म्हणायचं, "बारशाला गेलतो, तितनं आल्यावर." मॅडम त्यावरून दिवस काढायच्या. मी तिथे टेक्निशियन. इकडे नमुने तुंबलेले आणि या बाईंच्या बारशाच्या गप्पा चाललेल्या! मी कुरकुर केली की म्हणायच्या, "आकडा एकटा असला की बावळट असतो गं. शेजारी मानूस बसव, मग बघ कसा बोलाय लागतोय." एम.डी. झालेली बाई, पण बोलणं असं. एकदा एका पाहुण्या डॉक्टरांनी हसत हटकलं, तर म्हणाल्या, "शुद्ध बोलायला रिपोर्ट हाय की."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अख्ख्या सांगलीला रक्ताच्या तपासण्या तोंडपाठ झाल्या. रिक्षावाला गिऱ्हाइकाला विचारायचा, "डी-डायमर किती आलं?" गुळाच्या पेढीवरचे दोन सख्खे भाऊ आमच्या दारात रिपोर्ट शेजारी धरून भांडले. धाकट्याचा सीआरपी जास्त आला होता आणि थोरल्याचं म्हणणं, ताप मला जास्त, मग ह्याचं जास्त कसं? मॅडम आतून कडाडल्या, "दहावीचं मार्कलिस्ट हाय व्हय रं ते?" मग दोघांना बसवून समजावलंही. अंगात कुठंही आग लागली की यकृत सीआरपी हे प्रथिन रक्तात सोडतं. ताप नुकताच आलेला असताना ते कमी दिसलं तर नाचायचं नाही. आठवडा सरत आला, ते चढतंय आणि लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी घसरताहेत, असं दिसलं तर मात्र हयगय करायची नाही. दोघांचं रक्त परवा पुन्हा बघू म्हणून मॅडमनी त्यांना घरी धाडलं.

त्याच दिवसांत माझा भाऊ आमच्या आण्णांना गाडीत घालून माझ्याकडे घेऊन आला. आण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त सुभेदार. रहिमतपूरजवळ गावी ऊस करतात आणि घरादाराला फैलावर घेतात. खोकला होता, चेहरा उतरला होता. आधी शेजारच्या दवाखान्यातल्या फिजिशियननी तपासलं. बसल्या जागी ऑक्सिजन ठीक, आण्णांच्या सांगण्यानुसार आजाराला दोनच दिवस झालेले. घरी ठेवा, लक्ष ठेवा, असं ठरलं. तेव्हा खाटाही कुठं मिळत होत्या? रक्त मीच काढलं. आण्णा म्हणाले, "पोरी, सुई तरी नीट धराय शिकलीस."

थोड्या वेळाने मॅडमनी मला आत बोलावलं. डोळा सूक्ष्मदर्शकावरच होता. "हे दोन दिसांच्या तापाचं रक्त न्हाई." मी काचपट्टी बघितली. मला रोज दिसतात तेवढ्या लिम्फोसाइट त्यात नव्हत्या. सीआरपी चांगलाच चढलेला. दुसऱ्याच्या बापाचं असतं तर मी शांतपणे नोंद केली असती.

मॅडम बाकावर जाऊन बसल्या. "आण्णा, आजार कवापासनं?"

"परवापासनं. एकदा सांगितलं न्हवं?"

"आन् त्याच्या आदी?"

"त्याच्या आदी आजारी कसा असंन? गावातल्या डाक्टरला परवा दावलं. सिक रिपोर्टच न्हवता झाला तवर!"

मॅडम खो खो हसल्या. फौजेत माणूस आजारी कधी, तर डॉक्टरांपुढे उभा राहून नाव लागलं की. त्याच्या आधी अंग कितीही फुटो, तो ड्यूटीवर! सगळी उमर असं मोजलेला माणूस खोटं बोलत नव्हता, फक्त फौजेचं गणित सांगत होता. मॅडमनी मला आईला फोन लावायला सांगितला. आई पलीकडून म्हणाली, "परवा? आगं, आठ दिस झालं तंबाखूची डबी कोनाड्यात ठिवलिया. चव लागंना म्हनत्यात. अंगात कणकण, तरी पाणी पाजाय जातूयाच ह्यो गडी!"

मॅडमनी आण्णांना लॅबसमोरच्या व्हरांड्यात चालायला लावलं. छाती काढून, हात हलवत परेड सुरू झाली. परत येऊन बसले तेव्हा बोटाला लावलेल्या यंत्रातला आकडा घसरला होता आणि कपाळावर घाम होता. मॅडमनी फिजिशियनना फोन केला, आठवा दिवस आहे म्हणून सांगितलं. त्या भल्या माणसाने एका शब्दाने हुज्जत घातली नाही. मिरजेला ऑक्सिजनची एक खाट मिळवून दिली. लगेच निघायचं होतं, नाहीतर ती जाणार.

आणि आमचे आण्णा उठेनात! "म्या बसून बोलतूय, खातूय. ज्येचा जीव चाललाय त्येला द्या खाट. सुभेदार दुसऱ्याचं हिसकावून घ्येत नसतो." मी रडले, भाऊ ओरडला. आण्णा ढिम्म. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, ह्या माणसाचा ताठा ह्याला घेऊन जाणार.

मॅडम मात्र चिडल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या बोटाला सुई टोचली, थेंब काचेवर पसरला, रंगवला आणि आण्णांना आत आणून स्टुलावर बसवलं. "आवं आण्णा, हे माझं रक्त. त्यो जांभळा गोल दिसतोय, त्यो जवान. बघा किती हायत." मग आण्णांची काचपट्टी सरकवली. "आन् हे तुमचं."

आण्णांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. काच हलवायला लावली, पुन्हा बघितलं. "पल्टण कुटं गेली म्हनायची?" आवाज बारीक झाला होता.

"पडली. कुमक आज मिळंल, उद्या न्हाई."

आण्णा उठले, टोपी घातली आणि गाडीत जाऊन बसले. मिरजेला त्याच संध्याकाळी त्यांचा श्वास वाढला, पण तोवर ऑक्सिजन आणि औषधं सुरू झालेली होती. मॅडम रोज त्यांचे आकडे विचारायच्या. सीआरपी उतरायला लागला तेव्हा मला सांगायच्या आधी त्यांनी परस्पर आईलाच फोन केला. अशा बाईच्या हाताखाली मी शिकले, याचा मला किती अभिमान वाटतो ते मी कुणापुढेही छाती ठोकून सांगेन.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. लॅबला यायला निघाल्या होत्या, दारातच हृदय थांबलं. शोकसभेला सभागृह भरलं होतं. व्यासपीठावरून मोठी मोठी माणसं त्यांच्या पदव्या आणि शोधनिबंध सांगत होती. बाई असल्या असत्या तर कंटाळून कधीच उठून गेल्या असत्या. तेवढ्यात माझ्या शेजारून आण्णा उठले. कुणी बोलावलं नव्हतं. मी सदरा ओढला, त्यांनी हात झटकला. माईकपाशी गेले, ताठ उभे राहिले.

"मला भाषण येत न्हाई. म्या जित्ता हाय, ह्या बाईमुळं. एवढंच."

खाली यायला वळले, तर मागच्या रांगेतून हळदीच्या पेढीवर पोती शिवणारी एक बाई पदर सावरत उभी राहिली. "म्या बी हाय." मग गुळाच्या पेढीवरचा थोरला भाऊ उठला, त्याच्या पाठोपाठ धाकटा. भिंतीकडून एक म्हातारा काठी टेकत उठायला लागला. एकामागून एक माणसं उभी राहत होती. पुढच्या वक्त्याने हातातला कागद घडी करून खिशात ठेवला, आणि तोही उभा राहिला.